शिध्याचं वाटप निर्वासितांच्याच हाती कसं द्यावं

युद्धातून जीव वाचवून आलेल्यांपर्यंत मदत पोहोचली म्हणजे ती न्याय्यपणे पोहोचली असं नाही. यादी कोण करतो, माप कोण धरतो आणि तक्रार कोण ऐकतो, हे आधी बघा. तिन्ही कामं एकाच माणसाकडे गेली की त्याच्या मर्जीवाचून कुणाला ताडपत्रीसुद्धा मिळत नाही. म्हणून ही कामं पहिल्या दिवसापासून तीन वेगळ्या हातांत द्या, आणि ते हात शक्यतो निर्वासितांचेच असू द्या.

छावणीची आखणी करताना साधारण 16 कुटुंबांचा, म्हणजे सुमारे 80 माणसांचा एक गट धरतात. प्रत्येक गटाने एक बाई आणि एक पुरुष निवडावा; या निवडलेल्यांची मिळून समिती. मुदत सहा महिने. ही निवड लवकर उरका, कारण पुढारी आपोआप उभे राहतात. ज्याला मदतनीसांची भाषा येते तो पहिल्या दिवशी दुभाषी होतो आणि आठवडाभरात दलाल. दुभाष्याला मानधन द्या, पण समितीत घेऊ नका. तो लढाईतल्या एकाच बाजूचा असेल तर दुसऱ्या बाजूची माणसं त्याच्यासमोर तोंड उघडणार नाहीत, तेव्हा दोन्हीकडचे दुभाषी हवेत. बायकांची बैठक वेगळी घ्या. संडासाला आतून कडी नाही, रात्री तिकडे जायची भीती वाटते, या गोष्टी पुरुषांसमोर निघत नाहीत.

यादी कुटुंबप्रमुखाच्या नावाने केली की विधवा, एकटी आलेली मुलं, दुसरी बायको, नातेवाइकांकडे टेकलेली म्हातारी माणसं गळतात. माणशी नोंद करा आणि कार्ड शक्यतो घरातल्या बाईच्या नावाने द्या. मात्र त्यावरून घरात मारहाण होईल का, हे बायकांनाच आधी एकट्यात विचारा. मदतीचे निकष गटाच्या बैठकीत ठरवून फळ्यावर लिहा. नावांची यादी मात्र भिंतीवर लावू नका. गाव, धर्म, जमात लिहिलेला कागद चुकीच्या हाती पडला तर ज्यांच्यापासून पळून आले त्यांनाच पत्ता मिळतो. बाहेर फक्त कार्ड क्रमांक आणि वाटपाची वेळ लावा.

आता माप. सगळ्यात जास्त चोरी इथे होते, आणि तीही बहुधा कुणाच्या लक्षात न येता. माणशी रोज 2,100 किलोकॅलरी हे नियोजनाचं प्रमाण आहे. ढोबळमानाने त्यात 400 ग्रॅम धान्य, 60 ग्रॅम डाळ, 25 ग्रॅम तेल आणि 5 ग्रॅम मीठ बसतं, उरलेली भर इतर पदार्थांनी घालावी लागते. पाच जणांच्या कुटुंबाला 15 दिवसांचं धान्य 30 किलो आणि डाळ साडेचार किलो होते. हे डब्याने मोजून देतात तेव्हा ओळखीच्याला शीग लावून माप मिळतं आणि अनोळख्याला सपाट. उपाय साधा आहे: तराजूवर नेमकं वजन करून धान्य डब्यात घाला, ते जिथवर येतं तिथे खूण करा आणि डबा तिथेच कापा. कडा आत दुमडा, नाहीतर हात कापतात. मग फळीने वरून सपाट करून द्यायचं. शीग ठेवायची नाही. डाळीचा डबा वेगळा, कारण तेवढ्याच मापात वजन बदलतं. नवा माल आला की पुन्हा तोलून बघा.

सगळ्या गटांना एकाच वेळी बोलावू नका. गटवार वेळ द्या; गरोदर बाया, अपंग आणि म्हाताऱ्या माणसांची रांग वेगळी ठेवा, आणि उजेड असेपर्यंत सगळे घरी पोहोचतील असं बघा. बाहेरच्या वाटेवर दुसरा तराजू ठेवून अधूनमधून कुणाचीही पिशवी तोला. हे काम वाटप न करणाऱ्या सभासदांनी करावं. पाच-सहा पिशव्या सलग कमी भरल्या तर वाटप तिथेच थांबवून डबे तपासा.

तक्रारपेटी पुरत नाही. ज्याला लिहिता येत नाही तो काय टाकणार? आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी बसणारी माणसं हवीत, त्यात बाई हवीच. उत्तर सात दिवसांत द्या, नकार असेल तरी कारणासह. शिध्याच्या बदल्यात पैसे किंवा शरीर मागितल्याची तक्रार समितीकडे जाऊ देऊ नका. ती समितीबाहेरच्या, प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडे थेट गेली पाहिजे, आणि तक्रार करणारीचं नाव तिथेच राहिलं पाहिजे. मदत फुकट आहे, हे फळ्यावर चित्रासकट आणि सगळ्या भाषांत असू द्या.

पाण्यावरून शेजारच्या गावाशी भांडण होतं, ते आधीच ओळखा. माणशी रोज किमान 15 लिटर आणि एका नळावर जास्तीत जास्त 250 माणसं हे प्रमाण धरताना गावकऱ्यांचीही डोकी मोजा. पाणी-समितीत त्यांचे दोघं घ्या आणि नळ छावणीच्या कुंपणावर बसवा, दोन्ही बाजूंनी भरता येईल असा.