हलाखी म्हणजे किती? घरच्या आठवणी लिहिणाऱ्यांसाठी

माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर दादाने समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, "हलाखी म्हणजे किती?" मी लिहिलेलं वाक्य असं होतं: नानांची मिल बंद पडली आणि आमची परिस्थिती फार हलाखीची झाली. नाना म्हणजे आमचे वडील, मिलमध्ये कामाला होते. मला त्याचा राग आला. तोही त्याच दोन खोल्यांत वाढला होता, इंदूरच्या परदेशीपुऱ्यात. त्याला मी काय सांगायचं?

पण प्रश्न बरोबर होता. आज इंदूरला आमच्या घरी दर शनिवारी सात-आठ जण आपापल्या आठवणी लिहून आणतात, वाचून दाखवतात. मी शाळेत हिंदी शिकवते, पण इथे सगळं मराठीत चालतं. नव्या माणसाला मी सर्वांत आधी दादाचा तोच प्रश्न विचारते.

उत्तर शोधायला कपाट उघडा. किराण्याच्या उधारीची वही, रेशनकार्ड, फीच्या पावत्या, पोस्टाचं पासबुक, गहाण ठेवलेल्या बांगड्यांची चिठ्ठी, जे सापडेल ते काढा आणि तारखेप्रमाणे लावा. आमच्या आईने ट्रंकेतून किराण्याची वही काढून दिली. १९९१ च्या दिवाळीपर्यंत दर महिन्याला चहा पाव किलो, साखर पाच किलो. जानेवारीत चहा ५० ग्रॅम. मार्चमध्ये नुसतं 'चहा पुडी १', पुन्हा चार दिवसांनी 'चहा पुडी १'. साखरेच्या जागी गूळ आला. शेंगदाणे एका पानानंतर दिसतच नाहीत. ही वही समोर ठेवून लिहायला बसले तेव्हा 'हलाखी' हा शब्द मी खोडला. परत कुठे वापरावा लागला नाही.

मोजमाप मिळालं की त्यातली एकच वस्तू निवडा आणि तिच्याजवळ बसा. घाई करू नका. मी नानांचा राखाडी स्वेटर घेतला. आईने तो उसवला. लोकर खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी केल्या, चार ठिकाणी दोऱ्याने सैल बांधल्या, कोमट पाण्यात रिठ्याने धुतल्या. दोरीवर वाळत घालताना प्रत्येक लडीला खाली पाण्याने भरलेला तांब्या अडकवला, म्हणजे उसवलेल्या लोकरीची वळणं सरळ होतात. एका स्वेटरचे दोन बिनबाह्यांचे झाले, एक दादाला, एक मला. कोपरापाशी लोकर विरली होती, तेवढी तिने कापून टाकली, त्यामुळे धागा जागोजागी जोडावा लागला. त्या गाठी माझ्या पाठीवर आल्या. वर्गात बाकाला टेकून बसलं की टोचायच्या. शनिवारी हे वाचलं तेव्हा एका काकूंनी विचारलं, "मग नाना थंडीत काय घालायचे?" मला आठवेना. घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "दोन शर्ट." हे दोन शब्द मी परिच्छेदाच्या शेवटी जसेच्या तसे ठेवले. खाली 'किती हा त्याग' वगैरे लिहायचा मोह होतो. तो आवरा. वाचणाऱ्याला कळतं.

घरच्या माणसांबद्दल लिहिणं याहून कठीण. मराठीत यासाठी लक्ष्मीबाई टिळकांकडे जावं. १९३४ पासून भागाभागाने आलेल्या त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राची सुरुवातच वडिलांच्या टोकाच्या सोवळ्यापासून होते. सगळं घर त्या सोवळ्याखाली भरडलेलं, तरी सांगण्यात कुरकुर नाही, उलट वाचताना हसू येतं. आणि ते सोवळं कुठून आलं हेही बाई सांगतात. १८५७ च्या धामधुमीत जवळच्या नातलगाला फाशी झाली, त्या धक्क्यानंतर वडिलांनी ते धरलं. मुलीने बापाला माफ केलं की नाही, ते वाचणाऱ्याने ठरवावं. आपल्याला माणूस दिसतो, त्याच्या जाचासकट. तुमच्या लिहिण्यात कुणी खाष्ट आत्या किंवा अबोल बाप असेल, तर एवढं तरी विचारा की हे कधीपासून आणि कशामुळे. विचारायला कोणी उरलं नसेल, तर 'मला माहीत नाही' असं लिहा. आठवणींच्या लिखाणात ते चालतं. अंदाज मात्र खात्रीच्या सुरात लिहू नका.

मी तसा लिहिला होता. मिल सुटल्यावर नानांनी एका मंगल कार्यालयात चौकीदारी धरली. मी सोळा वर्षांची होते. मैत्रिणींबरोबर येताना ते मला फाटकापाशी खाकी कपड्यांत दिसले आणि मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. त्यानंतर पंधरा दिवसांत त्यांनी रात्रपाळी मागून घेतली. तीस वर्षं मी मनाशी धरून होते की त्यांनी मला पाहिलं आणि पुन्हा माझ्या वाटेत नको म्हणून रात्र घेतली. तसंच लिहिलं, रडत लिहिलं. आईला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "रात्रीचे पैसे जास्त होते गं. तुझी बारावीची फी भरायची होती." नानांनी मला पाहिलं होतं का, हे तिलाही ठाऊक नाही. नाना आता नाहीत. मग मी तो भाग पुन्हा लिहिला. मी रस्ता ओलांडला, ते ठेवलं. मी काय समजत होते, ते ठेवलं. आई काय म्हणाली, तेही ठेवलं. तिन्ही एकाखाली एक, कुठलं खरं ते न ठरवता. म्हणून सांगते, ज्या प्रसंगावर तुमचा सगळ्यांत जास्त विश्वास आहे, तोच आधी घरात वाचून दाखवा.

आता माणूस कसा बदलला ते. 'त्या दिवसाने माझं आयुष्य बदललं' असं वाक्य आमच्याकडे महिन्यातून एकदा तरी येतं. माणूस एका दिवसात क्वचित बदलतो. लक्ष्मीबाईंचे यजमान नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांतला राग, ताटातूट, शिवाशिवीचे एकेक सुटत गेलेले नियम, खरी गोष्ट त्यात आहे. तुमचीही मधली वर्षं शोधा. सोपा उपाय असा: एकच कृती दोनदा लिहा, दोन वेगळ्या वर्षांतली. १९९२ मध्ये मी गुळाचा चहा पाहुण्यांसमोर प्यायला नकार दिला होता. २००४ मध्ये, माझ्याच घरी, नाना आले तेव्हा डब्यात साखर असूनही मी गुळाचा केला, आणि त्यांनी न विचारता प्याला. मधल्या बारा वर्षांत काय झालं त्याचं भाषण लिहावं लागलं नाही.

दुसरा मार्ग दया पवारांनी १९७८ च्या 'बलुतं' या आत्मकथनात घेतला आहे. तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. दोघे एकच, तरी एक मागे राहिलेला आणि एक शिकून पुढे आलेला. त्यातलं दुःख तर आपल्या मिलच्या दुःखापेक्षा कितीतरी खोल, जातीचं आहे, त्याची बरोबरी करू नये. पण जुन्या स्वतःला समोर बसवून बोलतं करण्याची रीत शिकण्यासारखी आहे. घरी सराव म्हणून सोळा वर्षांच्या स्वतःला 'तू' म्हणून एक पानभर पत्र लिहा. छापायचं नाही. त्यातून दोन-तीन वाक्यं निघतातच, बाकीचं फाडून टाका.

भाषेबद्दल थोडंसं. आमची मराठी इंदूरची आहे. लिहिताना पुणेरी करू जाल तर आईच्या तोंडी परक्या बाईची वाक्यं येतील. आमच्याकडे घरापुढे ओटला, म्हणजे ओटा, असतो, तो ओटलाच लिहावा. नाना शेजाऱ्यांना 'भिया', म्हणजे भैया, म्हणायचे, ते तसंच राहू द्यावं. मिलला मिल म्हणा आणि पाळीच्या भोंग्याला भोंगा.

हयात माणसांची नावं बदला, व्यवसाय आणि गल्ली शक्यतो बदला, आणि ज्यामुळे कुणाचं लग्न किंवा नोकरी अडचणीत येईल ते काढा. यावर वाद घालत बसू नका.

शेवटचा खर्डा टाइप करून घ्याल तेव्हा उजवीकडे तीन बोटं समास सोडायला सांगा. खजुरी बाजारातून साध्या पेन्सिली आणा आणि घरातल्या प्रत्येकाला एक प्रत, एक पेन्सिल द्या. महिनाभर मागू नका. दादाची प्रत माझ्याकडे सदतीस खुणा होऊन आली. स्वेटरच्या पानावर त्याने लिहिलं होतं: "माझ्यापण पाठीवर गाठी होत्या."