निकाराग्वाची कविता वाचायला कोठून सुरुवात करावी?

निकाराग्वाच्या साहित्याकडे वळणारा वाचक बहुधा कालक्रम धरतो आणि पहिल्यांदा रुबेन दारिओचेच (१८६७–१९१६) पुस्तक उघडतो. माझ्या मते हा क्रम उलटा करावा. चिलीतील वाल्पाराइसो येथे १८८८ मध्ये निघालेल्या त्याच्या ‘आसूल’ या पुस्तकापासून स्पॅनिश साहित्याने कूस बदलली, हे खरेच. परंतु त्याचे बळ नादात आहे आणि इंग्रजी भाषांतरात तो नाद गळून गेला की हंस, राजकन्या आणि राजवाडे एवढाच ऐवज हाती उरतो.

म्हणून आधी एर्नेस्तो कार्देनालचा (१९२५–२०२०) ‘एपिग्रामास’ हा लहानसा संग्रह घ्यावा. कातुलुस आणि मार्शल या रोमन कवींच्या धर्तीवर लिहिलेल्या या कविता चार-सहा ओळींत संपतात, आणि प्रेयसीवरचा राग व हुकूमशहावरचा राग त्यांत शेजारी शेजारी नांदतो. सोमोसा घराण्याची सत्ता १९७९ मध्ये उलथली, एवढा इतिहास ठाऊक असला तरी पुरे. स्वतःच्या पुतळ्याचे अनावरण करणाऱ्या सोमोसावरची कविता मात्र सावकाश वाचावी. तीत सोमोसाच बोलतो: हा पुतळा जनतेने उभारलेला नाही, तुम्ही तो एक दिवस पाडाल हेही मला माहीत आहे, तुम्हाला त्याचा तिरस्कार वाटतो, म्हणूनच मी तो उभा केला. एकही विशेषण न वापरता हुकूमशहाची मग्रुरी त्याच्याच तोंडून वदवण्याची ही रीत लक्षात आली, की कार्देनालच्या ‘ओरा सेरो’सारख्या दीर्घ कवितेतील कंपन्यांची नावे आणि व्यवहारांचे तपशील रुक्ष वाटत नाहीत. (त्याची उत्तरकालीन विश्वरचनेवरची कविता मला पसरट वाटते, ती मागाहून वाचली तरी चालेल.)

त्यानंतर पाब्लो आंतोनिओ क्वाद्राच्या सिफार नावाच्या नाविकाच्या कवितांकडे यावे. त्या वाचताना कोसिबोल्का सरोवराचा नकाशा उघडा ठेवावा, कारण बेटे आणि वारे हीच त्या कवितांची पात्रे आहेत. क्लारिबेल आलेग्रिआ आणि जिओकोंदा बेल्ली या दोघींची कविता भाषांतरातही चांगली टिकते, त्यामुळे तिला वेगळ्या तयारीची गरज नाही.

आता दारिओकडे परतावे, पण मूळ स्पॅनिशमध्ये आणि मोठ्याने. भाषा येत नसली तरी ‘सोनातिना’ची पहिली ओळ म्हणून पाहावी: ‘ला प्रिन्सेसा एस्ता त्रिस्ते, के तेंद्रा ला प्रिन्सेसा?’ राजकन्या उदास आहे, तिला झाले तरी काय, एवढाच तिचा अर्थ. ‘प्रिन्सेसा’चा शेवटचा स्वर ‘एस्ता’च्या पहिल्या स्वरात मिसळून म्हटला की ओळीचे सात-सात अक्षरांचे दोन समान भाग पडतात आणि प्रत्येक भागात तिसऱ्या व सहाव्या अक्षरावर आघात येतो. वृत्तात कविता म्हणण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला हा ठेका दोन-तीन आवर्तनांत सापडतो. अर्थासाठी भाषांतर जवळ ठेवावे, परंतु ते नंतर पाहावे.

‘एल ग्वेग्वेन्से’ हे वसाहतकालीन नाट्य मात्र आधी पुस्तकातून वाचू नये. स्पॅनिश आणि नाहुआत्ल यांच्या मिश्रणातून घडलेल्या या नाट्याला युनेस्कोने २००५ मध्ये मानवतेच्या वारशाचा दर्जा दिला. अधिकारी पैसे मागतो आणि म्हातारा व्यापारी बहिरेपणाचे सोंग घेऊन त्याला शब्दाशब्दात गुंगवत राहतो. त्यातील पुनरुक्ती छापील पानावर कंटाळवाणी वाटते, कारण ती नाच आणि संगीतासह ऐकण्यासाठी आहे. दिरिआम्बा येथे जानेवारीत संत सेबास्तियनच्या उत्सवात हे नाट्य मुखवटे घालून रस्त्यावर सादर होते. त्याचे चित्रीकरण आधी पाहावे, आणि मगच संहिता हाती घ्यावी.