बंद लायब्ररी ॲपमध्ये घेण्याआधी

जानेवारी अखेर, बागेत माल उतरायला आलेला, आणि दिंडोरीहून आप्पांचा फोन: "अगं, रिपोर्टवर हे काय छापून येतंय? निर्यातदाराचा माणूस घेत नाहीये कागद." आमचं फवारणीच्या नोंदींचं ॲप आम्ही नाशिकचे सहा जण फावल्या वेळात चालवतो, कोड जीपीएल ३ खाली खुला आहे, म्हणजे तो घेऊन पुढे वाटणाऱ्यानेही आपला कोड खुलाच ठेवायचा असा परवाना. पण पीडीएफ बनवणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, एका कंपनीची, बंद, आतलं काही न दाखवणारी. तिने फुकटची सोय थांबवली आणि औषध, प्रमाण, तारीख या रकान्यांवर "चाचणी आवृत्ती" असा आडवा शिक्का उमटायला लागला. आप्पांनी बोर्डोचे निळे डाग पडलेली जुनी वही काढली आणि रात्री बसून अख्ख्या हंगामाच्या नोंदी हाताने उतरवल्या. ती पानं मी जपून ठेवली आहेत.

तुमचा असा सामुदायिक प्रकल्प असेल तर आधी वापरात असलेल्या लायब्रऱ्यांची यादी काढा. तुम्ही पाच लायब्रऱ्या घेता, त्या मागे पन्नास ओढून आणतात. ती यादी काढून देणाऱ्या कमांड अशा: अँड्रॉइडसाठी ग्रेडलची डिपेंडन्सीज, नोडसाठी एनपीएम एलएस, पायथनसाठी पिप-लायसन्सेस. प्रत्येकीसमोर परवाना लिहा, आणि तो पॅकेजच्या पानावरून नव्हे, मूळ परवान्याची फाइल उघडून. फाइलच नसेल तर ती लायब्ररी घेऊ नका. कोड सगळ्यांना दिसतो म्हणून तो वापरायची मुभा मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात.

आम्ही फसलो ते वेष्टनात. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर एमआयटी हा सैल अटींचा परवाना स्वच्छ दिसत होता, पण तो वरच्या दोनशे ओळींचा. खरं काम करणारी डॉट-एसओ फाइल आत तयार बांधून ठेवलेली, तिचा सोर्स, म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ कोड, कुठेच नाही. म्हणून डाउनलोड झालेलं पॅकेज उलगडून आत डॉट-एसओ किंवा डॉट-जार फाइल्स आहेत का ते बघाच, आणि असल्या तर त्यांचा सोर्स शोधा.

मग स्वतःचा परवाना तपासा. तुमचा कोड एमआयटी किंवा तसाच सैल अपाची २.० खाली असेल तर बंद लायब्ररी जोडायला तुमच्या परवान्याची आडकाठी नाही, तिच्या अटी तेवढ्या पाळायच्या. जीपीएलमध्ये मात्र तसं जोडून वाटता येत नाही. जीपीएल ३ च्या कलम ७ खाली जादा परवानगी देता येते, पण ज्यांचा ज्यांचा कोड आत आहे त्या सगळ्यांची संमती लागते. आमच्यातल्या एका जुन्या सोबत्याचा पत्ताच लागला नाही. त्याच्या चाळीस ओळी काढून नव्याने लिहिण्याची तयारी आम्ही केली होती.

शेवटी लायब्ररीच काढली. अँड्रॉइडमध्ये ४.४ पासून पीडीएफडॉक्युमेंट हा क्लास आहे, त्यावर मुक्ता फॉन्टने जोडाक्षरंही नीट उमटतात, आणि मुक्ता ओपन फॉन्ट परवान्याखाली आहे. एका शनिवार-रविवारचं काम! दोन वर्षं आम्ही ते शोधलंच नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आज खुली असलेली लायब्ररीही उद्या अटी बदलू शकते. मॅपबॉक्सने डिसेंबर २०२० मध्ये नकाशांची लायब्ररी बंद परवान्याखाली नेली, सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्म या साधनाचा परवाना ऑगस्ट २०२३ मध्ये बदलला. पण आधी दिलेल्या आवृत्त्यांवरचा जुना परवाना कायम राहतो, त्यातूनच त्यांच्या खुल्या शाखा, मॅपलिब्रे आणि ओपनटोफू, उभ्या राहिल्या. प्लॉटच्या नकाशासाठी आम्ही मॅपलिब्रे आणि ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा वापरतो. नकाशाच्या कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय दाखवावंच लागतं.

गूगलच्या फायरबेस या तयार सेवेसारखं काही सोडवतच नसेल तर ते एका वेगळ्या मॉड्यूलमध्ये कोंडा आणि त्याच्याशिवाय बांधलेलं दुसरं ॲप (बिल्ड) ठेवा. एफ-ड्रॉइड या खुल्या ॲपच्या दुकानाला तेच चालतं.

आता नवी लायब्ररी आणणाऱ्याने तिचं नाव, परवाना, सोर्स कुठे आहे आणि ती काढायची झाली तर काय करायचं, एवढं लिहून दिल्याशिवाय आम्ही कोड आत घेत नाही. आणि दर छाटणीआधी कॉलेज रोडला एकत्र बसून, कुठल्याही कंपनीच्या सेवेची किल्ली (परवाना-सांकेतांक) न घातलेल्या कोऱ्या लॅपटॉपवर ॲप बांधून एक रिपोर्ट छापतो. तो कागद आधी आप्पा बघतात.