एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पुवाचे फोड दिसले, तर: तयारीची यादी

आधी नोंदवही. दर पाळीला बाळाची मान, काखा, जांघा आणि बेंबी चांगल्या उजेडात पाहून लिहून ठेवावे. फोड बहुधा या घड्यांतच आधी दिसतात. थोड्या दिवसांत दोन बाळांना फोड आले की साथ धरूनच चालावे. स्टॅफिलोकोकस जंतूच्या विषाने कातडी सोलवटणाऱ्या स्टॅफिलोकोकल स्काल्डेड स्किन सिंड्रोमचे एक बाळही त्यासाठी पुरेसे आहे. घरी गेलेल्या बाळांच्या पालकांना फोन करावा, कारण कित्येकदा फोड डिस्चार्जनंतर उठतात.

फोडातला पू ग्रॅम स्टेन (रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहणे) आणि कल्चरला (लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखणे) पाठवावा. स्काल्डेड स्किनमध्ये मात्र फोडातल्या पाण्यात सहसा जंतू सापडत नाहीत. कातडी सुटते ती रक्तातून आलेल्या विषामुळे. तिथे नाक, डोळे आणि बेंबीचे स्वॅब (कापसाच्या काडीने नमुने) घ्यावेत. स्टेनमध्ये जंतू नसून इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) भरपूर असतील, तर तो बहुधा नवजात बाळाचा निरुपद्रवी पुरळ, उगाच धावपळ नको. बाळ मलूल असेल, दूध घेत नसेल तर ब्लड कल्चर घेऊन शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू करावे. वाढलेले जंतू जपून ठेवायला लॅबला पहिल्याच दिवशी सांगावे. जंतू वाढवलेल्या प्लेटा फेकल्या गेल्या की सगळ्या बाळांत एकच जंतू होता का, हे नंतर कळत नाही.

फोड असलेली आणि स्वॅब पॉझिटिव्ह आलेली बाळे एकत्र, शक्यतो वेगळ्या खोलीत. त्यांच्या सिस्टर दुसरीकडे ड्यूटीला नकोत. प्रत्येक बाळाचा स्टेथोस्कोप, थर्मामीटर, मोजपट्टी आणि चिकटपट्टीचा रोलसुद्धा वेगळा. या रोलकडे कुणाचेच लक्ष नसते. सोनोग्राफी जेलची बाटली पुन्हा भरू नये.

जंतू पसरण्याची खरी वाट हातांची. हँडरब (हातांना चोळायचे अल्कोहोलचे द्रावण) २० ते ३० सेकंद, साबण-पाणी ४० ते ६० सेकंद, प्रत्येक बेडपाशी बाटली, कोपरापर्यंत दागिने नाहीत. ग्लोव्हज घातले म्हणून हात धुणे टळत नाही. बाळे जास्त आणि सिस्टर कमी असल्या की हेच आधी सुटते, म्हणून ड्यूटीचा तक्ताही यादीत हवा.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची अंघोळ सरसकट नको. दिवस भरण्याच्या खूप आधी जन्मलेल्या बाळांची कातडी त्याने भाजते. नाकात २ टक्के म्युपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम दिवसातून दोनदा, ५ दिवस, तेही ठरवून निवडलेल्या बाळांना. कर्मचाऱ्यांचे नाकाचे स्वॅब शेवटी, केसेसचा धागा कुणापर्यंत जात असेल तरच. हाताला इसब असलेल्यांना मात्र लगेच बाजूला घ्यावे.