दमलेल्या माणसाला ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका

तासगाव तालुक्यात आरोग्य उपकेंद्रावर सिस्टर म्हणून माझी नोकरी झाली. आमच्याकडं द्राक्षबागांची ऑक्टोबरची छाटणी झाली की बागायतदाराच्या घराला उसंत नसते. पावसाचं वातावरण झालं की डावणी रोगाच्या धास्तीनं पहाटे फवारणी, दिवसा घडांची विरळणी, आणि लाईटची पाळी रात्रीची असली की मोटर चालू करायला अंधारात रानात. त्यात घरात सासू अंथरुणाला खिळलेली असेल, तर सुनेला रात्र आणि दिवस सारखाच. अशी माणसं मी खूप जवळून बघितली आहेत. त्यांच्यासाठी काय करावं, ते सांगते.

‘काही लागलं तर सांग’ हे आपण मनापासून म्हणतो. पण दमलेल्या माणसाला काय लागतंय ते आठवायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं, वर संकोच गिळायचा, हे सगळं आणखी एक कामच होऊन बसतं. म्हणून काम आपणच हेरायचं आणि नेमकं बोलायचं. “उद्या संध्याकाळच्या भाकरी माझ्याकडनं येतील, तू पीठ मळू नकोस.” “गुरुवारी रात्रीचं पाणी मी पाजतो, तू झोप.” “पोरांना शाळेतनं मी आणते.” विचारायचंच असेल तर दोनच पर्याय द्या, बुधवारी येऊ का शुक्रवारी? डबा दिला की भांडी घासून परत करायचं ओझं टाकू नका, दुसऱ्या दिवशी आहेत तशी उचलून आणा.

भेटायला गेलात तर पाहुणे होऊ नका. आपल्याकडं दारात माणूस आलं की बाई चहाला उठणारच, कितीही ताप अंगात असो. चहा थर्मासमधून घेऊन जा आणि तिलाच कपात ओतून द्या. मग समोर मेथीची जुडी घ्या आणि निवडत बसा. हात कामात असले आणि कुणी तोंडाकडं टक लावून बघत नसलं की माणूस बोलायला लागतं, हा माझा पक्का अनुभव आहे.

ती बोलायला लागली की उपाय सांगू नका. योगा कर, पहाटे उठ, मन रमव, हे तिनं दहा जणांकडनं ऐकलेलं असतं. “आम्ही न्हाई का केलं? आमच्या वेळेला तर आडाचं पाणी होतं,” हे तर मुळीच नको. “लई ओढतीयास गं, दिसतंय मला,” एवढं पुरतं. तिला रडू आलं तर येऊ द्या, लगेच गप्प करू नका.

विश्रांतीचं मात्र घरातल्या मोठ्यांच्या हातात आहे. एकत्र कुटुंबात सून दुपारी आडवी झाली तरी तिचा कान दाराकडंच असतो. सासऱ्यांनी किंवा मोठ्या जावेनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं, “ती झोपलीया, कुणी हाक मारायची न्हाई.” तरच तिला गाढ झोप लागते. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप हवी. आजाऱ्यामुळं सलग मिळत नसेल, तर आठवड्यातल्या काही रात्री दुसऱ्या कुणीतरी आजाऱ्याजवळ झोपावं.

पुरुष ‘दमलो’ म्हणत नाहीत. अंग दुखतंय म्हणतात, चिडतात, जेवण अर्धं टाकतात, काहींचं पिणं वाढतं. त्यांना समोर बसवून विचारलं तर उठून जातील. बागेत त्यांच्या बरोबरीनं काम करा, बोलणं तिथं होतं.

आता दवाखान्याचं. थकवा नुसता कामाचाच असतो असं समजू नका. उपकेंद्रावर हिमोग्लोबिन बघून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. साखर, थायरॉईड आणि बी-१२ यांचंही डॉक्टरांना विचारा. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्यावर किंवा जेवणावर लगोलग चहा नको, लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा. “चल, दाखवून येऊ” म्हणून स्वतः गाडीवर बसवून न्या, नाहीतर ती वर्षभर जाणार नाही.

फवारणी करून आलेला माणूस गळून पडला, दरदरून घाम, मळमळ, तोंडाला लाळ, डोळ्यांना अंधुक, असं काही दिसलं तर तो थकवा समजून झोपवू नका. औषध अंगात गेलेलं असू शकतं. कपडे बदला, अंग साबणानं धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या. धुताना आपल्या हातात मोजे असू द्या.

दोन आठवडे होऊन गेले, विश्रांती मिळूनही चेहऱ्यावर काही उमटत नाही, आवडीचं काही नको वाटतं, “आता बास झालं” असं तोंडातून जातंय, तर सरळ विचारा: जीव द्यायचं मनात येतं का? विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट आतलं बाहेर यायला वाट मिळते. हो म्हणाली तर एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरातून काढून दुसरीकडं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. नंबर तुम्ही लावा आणि शेजारी बसा.

आणि हे सगळं एकट्यानं अंगावर घेऊ नका. पहिल्या आठवड्यात अख्खी भावकी डबे घेऊन येते, तिसऱ्या आठवड्यात कुणी फिरकत नाही. म्हणून आधीच वार वाटून घ्या: सोमवारचा डबा थोरल्या जावेकडं, गुरुवारचं पाणी चुलत दिराकडं, महिन्याची दवाखान्याची फेरी नणंदेकडं. ते तिच्याच घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, म्हणजे उद्या कोण येणार हे तिला कुणाला विचारावं लागणार नाही.