शाळेमागच्या झाडीतला खेळ: मोठ्यांनी या चुका टाळा

रानातल्या खेळाचा विचका मुलं करत नाहीत, मोठी माणसं करतात. पहिली चूक म्हणजे हा खेळ पस्तीस मिनिटांच्या तासिकेत कोंबणं. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं मुलं नुसती पळतात, काठीने माती उकरतात, "बाई, काय करू?" म्हणून मागे लागतात. नवखे शिक्षक इथेच धीर सोडतात आणि जाहीर करतात, "चला, आज रायगड करू!" मग दोन चलाख पोरं महाराज आणि सरदार होतात, उरलेली दगड वाहतात. आंब्याच्या बुंध्याशी पानांच्या पुड्या बांधून दवाखाना थाटलेल्या मुलीलाही उठवून बुरजाच्या कामाला जुंपतात. बुरूज ढासळला की सर स्वतःच बसून रचतात. किल्ला झकास होतो, फोटो निघतो आणि पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, कारण तो सरांचा किल्ला असतो.

निदान दीड तास द्या. "काय करू?"ला आपलं उत्तर एकच: "बघ, काय सापडतंय." अर्धवट खोपटं मोडून जागा 'स्वच्छ' करू नका, पुढचा खेळ तिथूनच सुरू होतो.

सामान फार नको. अंगठ्यापासून मनगटाएवढ्या जाडीच्या काठ्या, सुतळीचे हातभर तुकडे, दोन-तीन टाकाऊ पातेली. लांब दोर मुळीच नको, गळ्यात अडकतो.

दुसरी चूक भातुकलीतली. "खोटं खोटंच तर खातात" म्हणून मोठे निर्धास्त असतात. कुंपणाला हमखास असतो तो मोगली एरंड, म्हणजे चंद्रज्योत. त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, त्यामुळे एकाने चाखली की 'पंगतच' बसते. थोड्या वेळाने उलट्या, पोटात कळा, जुलाब. अशा वेळी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढण्याचा उद्योग करू नका. बी किंवा फळ सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा, आणि ज्यांना अजून काही झालेलं नाही त्या खेळगड्यांनाही न्या. मुलं येण्याआधी आपण एकट्याने कुंपणाच्या कडेने फेरी मारायची. चंद्रज्योत, पिवळी कण्हेर, गुंज, धोतरा दिसला तर खेळाची हद्द अलीकडे घ्यायची. फेरीला दहा मिनिटं लागतात. तेवढाही कंटाळा असेल त्याने मुलांना मैदानावरच ठेवावं.

हद्द तोंडी सांगून कळत नाही. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लाल चिंध्या बांधा, एका चिंधीपासून पुढची दिसलीच पाहिजे.

चपला नकोत, बूट हवेत.

पाचोळ्यात आणि दगडाखाली हात घालू देऊ नका, घोणस आणि फुरसं तिथेच असतं. दगड उलटायचाच तर मोठ्याने काठीने पलीकडची कड उचलून आपल्याकडे कलंडवावा, म्हणजे उघडी बाजू आपल्यापासून लांब राहते. पाहून झालं की दगड जसाच्या तसा परत.

खाजकुयली लागली की सगळे चोळतात, आणि कुसळं आणखी आत जातात. आधी चिकटपट्टीने कुसळं उपटा, मग धुवा, कपडे बदला.

ढग गडगडले की झाडाखाली थांबणं नाही, सरळ इमारतीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत परत सोडू नका, मुलांनी कितीही गळ घातली तरी.