वर्डची फाइल स्क्रीन रीडरला वाचता येईल अशी कशी करायची

आधी हेडिंग बघा. अक्षरं नुसती मोठी आणि बोल्ड केली की आपल्याला हेडिंग दिसतं पण स्क्रीन रीडरला, म्हणजे न दिसणाऱ्यांना स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, तो साधा मजकूरच वाटतो, म्हणून स्टाइल्समधून हेडिंग १, हेडिंग २ असंच द्यायचं, मग ऐकणारा थेट हव्या त्या भागावर उडी मारू शकतो. फोटोवर राइट क्लिक करून ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारा मजकूर, टाका, आणि तिथे नुसतं "आलेख" नको हो, "जूननंतर विक्री निम्म्यावर आली" असं लिहा. फिकट राखाडी अक्षरं टाळा, अक्षरं आणि मागचा रंग यांच्यातला कॉन्ट्रास्ट (उजेडाचा फरक) किमान ४.५:१ हवा. पीडीएफ करताना प्रिंट टू पीडीएफ नको, टॅग, म्हणजे हेडिंग कुठलं, फोटो कुठला हे स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या आतल्या खुणा, उडतात. सेव्ह अ‍ॅज वापरा. आणि स्कॅन केलेलं पान म्हणजे नुसता फोटो, ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं) केल्याशिवाय पाठवूच नका.